दुसरी किल्ली

परवा शनिवारी सकाळी मुलाच्या गॅरेजसमोर उभा राहून मी मोठ्याने आकडे मोजत होतो. "एक... दोन... तीन... चार... हं, आता काढ!" समोरच्या घरातले गृहस्थ गवत कापायचं थांबवून बघत राहिले. पंच्याहत्तरीचा म्हातारा, हातात जुनं एचएमटीचं घड्याळ, आणि गाडीत बसलेली त्याची नात सारख्या किल्ल्या बदलतेय. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे! काम तसं साधंच होतं. आम्ही घरच्या घरी गाडीची तिसरी किल्ली तयार करत होतो.

सध्या आम्हा दोघांचा मुक्काम मुलाकडे, अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात आहे. मे महिन्यात आलो, ऑक्टोबरात परत. नातीला जुलैमध्ये सोळावं संपलं आणि लायसन्स मिळालं. इथे मिशिगन राज्यात या वयाच्या मुलांवर बंधनं असतात. रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, मित्रमैत्रिणींची टोळी भरून हिंडायचं नाही, वगैरे. घरात एक जुनी, २००८ सालची फोर्ड एस्केप आहे. ती हिच्यासाठीच ठेवलेली. गाडी होती, लायसन्स होतं. नव्हती ती फक्त किल्ली. (आम्ही साताऱ्याकडची माणसं किल्ली म्हणतो, सूनबाई मुंबईची, ती चावी म्हणते, आणि नात दोन्ही म्हणते. वाचणाऱ्यांनी आपापलं समजून घ्यावं.)

गाडीच्या किल्ल्या दोन. एक मुलाजवळ, एक सूनबाईजवळ. नातीने काय केलं, शेजारची मुलं सांभाळून मिळवलेल्या पैशांतून एक कोरी किल्ली परस्पर मागवली आणि हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आईच्या किल्लीबरहुकूम कापून आणली. मोठ्या ऐटीत गाडीत बसली, किल्ली फिरवली. किल्ली फिरली, समोरचे दिवे लागले. इंजिन मात्र ढिम्म. एक लाल दिवा तेवढा डोळे मिचकावत राहिला.

"आजोबा, दात तर सेम टू सेम आहेत!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

मीही दोन्ही किल्ल्या उन्हात धरून पाहिल्या. एकूण एक खाच जुळत होती. आमच्या पिढीच्या समजुतीप्रमाणे खाचा जुळल्या की कुलूप उघडलंच पाहिजे. तुळशीबागेच्या बाहेर बसणारा किल्लीवाला पाच मिनिटांत कानशीने घासून हुबेहूब किल्ली देत असे. इथे किल्ली हुबेहूब होती, तरी गाडी म्हणत होती, मी तुला ओळखत नाही.

मुलगा गाड्यांच्याच क्षेत्रात नोकरीला आहे. त्याने त्या रात्री समजावून सांगितलं. किल्लीच्या जाड प्लॅस्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे मला आधी शब्दातच रस. ट्रान्समीटर म्हणजे पाठवणारा आणि रिस्पाँडर म्हणजे उत्तर देणारा, या दोन शब्दांचा हा जोडशब्द. दुसऱ्या महायुद्धात आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला अशी यंत्रं निघाली. जमिनीवरून हाक घालायची, विमानाने ठरलेलं उत्तर द्यायचं. तीच युक्ती पुढे किल्लीत आली. या चिपला बॅटरी नसते. किल्ली जिथे खुपसतो त्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली फिरवली की ते वेटोळं रेडिओलहरी सोडतं. त्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि ती आपलं उत्तर देते. म्हणजे आमची वर्गातली हजेरीच. उत्तर ओळखीचं निघालं तर इंजिन चालू होतं, नाहीतर नाही.

जर्मनीत १९९० नंतर गाड्यांच्या चोऱ्या फार वाढल्या, तेव्हा तिथे १९९५पासून नव्या गाड्यांना अशी सोय असणं सक्तीचं झालं. १९९८मध्ये युरोपातल्या इतर देशांत झालं. आमच्या इथून नदी ओलांडली की कॅनडा, तिथे २००७मध्ये झालं. अमेरिकेत मात्र सक्ती झाली नाही. त्यामुळे ही सोय नसलेल्या गाड्याही इथे खूप विकल्या गेल्या, आणि २०२१-२२मध्ये शाळकरी पोरांनी फोनच्या केबलचं टोक वापरून त्या पळवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. फोर्डने हे १९९६पासूनच इथल्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली होती.

"मग आता डीलरकडे जायचं का?" मी विचारलं.

"डीलर बरेच पैसे घेईल. बघतो," मुलगा म्हणाला.

नात काही स्वस्थ बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत ते कोणी उघडलेलं दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, "सूचना नीट वाचा, मगच पेपर लिहायला घ्या." मोटारीचा इंजिनियर असलेल्या माझ्या मुलाने मात्र त्या वाचलेल्या नव्हत्या. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं, नवी किल्ली गाडीला घरच्या घरी ओळख करून देता येते. अट एकच. आधीच्या, गाडीच्या ओळखीच्या दोन किल्ल्या हव्यात. एक चालणार नाही.

मला हे वाचून मौज वाटली. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. आम्ही मास्तर लोक गावातल्या निम्म्या लोकांचे ओळखदार होतो. इथे ओळखदार दोन लागत होते. कारण उघड आहे. गाडी दुरुस्तीला टाकली किंवा हॉटेलच्या दारात लावायला दिली, तर त्या माणसाच्या हाती एकच किल्ली पडते. तेवढ्यावर त्याला तिसरी करता आली असती, तर सगळं मुसळ केरात. म्हणून एकाच्या शब्दावर गाडी विश्वास ठेवत नाही. आणि दोनांतली एक हरवली, तर घरी काही करता येत नाही, यंत्र असलेल्या माणसाकडेच जावं लागतं. दोन्ही असतील तर मात्र एकूण आठ किल्ल्या गाडी लक्षात ठेवते. आठ! आमच्या वाड्यातल्या एकत्र कुटुंबालाही पुरल्या असत्या.

तर नातीला आता दोघांच्या किल्ल्या हव्या होत्या. आईची तर मिळणारच होती. रोज पहाटे साडेपाचला तिला पोहण्याच्या सरावाला सोडून सूनबाई कंटाळली होती. बाबाची किल्ली बाबाच्या खिशात होती.

रात्री जेवताना विषय निघाला. सूनबाई म्हणाली, "शनिवारी तुझी चावी दे ना, दहा मिनिटांचं काम आहे."

मुलगा ताटातून नजर न उचलता म्हणाला, "बघतो."

"दोन महिने बघतोच आहेस."

"अगं, लागेल तेव्हा माझी घेऊन जाईल. वेगळी किल्ली कशाला?"

ही आमटी वाढत होती. वाढता वाढता हिने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं, बोलली काही नाही. पण माझा घास हातातच राहिला. कारण 'बघतो' हा शब्द माझा आहे. मुलाने तो माझ्याकडून घेतलेला आहे.

आता पुढचं लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. नातेवाईक हे वाचतात. आईबद्दल कोणाच्या मनात वेडंवाकडं येऊ नये असं वाटतं. पण यातला दोष आईचा नाही, म्हणून लिहितो.

मी बारा वर्षांचा असताना वडील गेले. आई तेव्हा चौतीस वर्षांची. शेताचा लहानसा तुकडा, दोन मुलं आणि दारात येणारे भाऊबंद. तिने घर राखलं ते कमरेच्या जुडग्याच्या जोरावर. कोठीची खोली, पेटी, नंतर घेतलेलं गोदरेजचं कपाट, सगळ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. चालली की आवाज व्हायचा. त्या आवाजावर आम्ही दोघं भाऊ वाढलो. मला नोकरी लागली तेव्हा पहिला पगार तिच्या हातात ठेवला, आणि पुढे दर महिन्याला ठेवत गेलो. तेव्हा सगळेच असं करायचे.

१९७६ साली लग्न झालं. ही बालवाडीत शिकवायची. तिचा तुटपुंजा पगारही त्याच कपाटात जाई. साडी, एसटीचं भाडं, माहेरी पाठवायची दिवाळीची भेट, सगळं सासूबाईंना मागून. आईने कधी नाही म्हटलं नाही. पण मागावं लागे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एका रात्री ही मला म्हणाली, "आईंना विचाराल का? कपाटाची एक किल्ली माझ्याजवळ असू दे." मी म्हणालो, "बघतो."

कपाटाला दोन किल्ल्या आल्या होत्या. दुसरी कुठे होती माहीत आहे? कपाटाच्याच आत, लॉकरमध्ये, फडक्यात गुंडाळून.

१९८३ सालच्या मार्च महिन्यात हिच्या माहेराहून तार आली. वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. माहेर पंढरपूरच्या बाजूला. आई तीन दिवसांसाठी माझ्या मावशीकडे गेली होती, जुडगा अर्थातच कमरेला. मी परीक्षेच्या कामासाठी तालुक्याच्या गावी. घरात हिच्याजवळ साडेतीन रुपये होते. कपाट समोर उभं. हिने शेजारी दोन घरी विचारलं, तिसऱ्या घरी वीस रुपये मिळाले. तोवर दुपारची गाडी गेली. कडेवर पाच वर्षांचं पोर घेऊन ही रात्रभर स्टँडवर बसली आणि पहाटेच्या गाडीने गेली. पोचली तेव्हा वडिलांची वाचा गेलेली होती. आदल्या संध्याकाळपर्यंत ते बोलत होते, हिची चौकशी करत होते, असं मागाहून समजलं. त्यानंतर ते अकरा दिवस होते. बोलले नाहीत.

आई परत आल्यावर तिला फार वाईट वाटलं. "मला काय ठाऊक गं, मी किल्ली ठेवून गेले असते," असं ती हिला म्हणाली. ती खरंच ठेवून गेली असती. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. "आई, आता एक किल्ली हिच्याकडे दे," एवढं सहा-सात शब्दांचं वाक्य. मी मराठीचा शिक्षक. वर्गात तासभर बोलायचो. ते वाक्य मला बोलता आलं नाही. आईला काय वाटेल, विधवा बाईच्या कमरेचा जुडगा सोडवायचा का, असं मनाशी म्हणत राहिलो. बाहेर फक्त "बघू" निघालं. हिने पुन्हा कधी विचारलं नाही. १९९८मध्ये आई गेली, तेव्हा तेराव्यानंतर मामींनी तो जुडगा हिच्या हातात दिला. म्हणजे बावीस वर्षांनी.

हे सगळं त्या आमटीच्या वाटीवरून डोळ्यांपुढे आलं. मी मुलाला म्हणालो, "तू 'बघतो' म्हणतोस ते माझ्याकडून उचललंस. माझ्यातलं ते घेण्यासारखं नव्हतं."

मुलगा चमकला. मग जरा वेळाने म्हणाला, "बाबा, मी दिवसभर ब्रेकच्या चाचण्या घेतो. गाडी कशी थांबत नाही हेच पाहत असतो. मला भीती वाटते."

"वाटणारच. मग तसं तिला सांग. अटी घाल, अजून सहा महिने थांब म्हण, नाही म्हण. तीही उत्तरं आहेत. पण 'बघतो' म्हणू नकोस. समोरच्याला त्यावर भांडताही येत नाही."

नात तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होती. आजोबा इतकं सरळ बोलतात हे तिला नवीन होतं. खरं तर मलाही.

मुलाने अटी घातल्या. बर्फ पडू लागल्यावर त्याच्याबरोबर चार वेळा सराव झाल्याशिवाय एकटीने निघायचं नाही, फोन मागच्या सीटवर ठेवायचा, पोचल्यावर कळवायचं. तिने दोन अटींवर हुज्जत घातली, एक सौम्य करून घेतली आणि बाकीच्या मानल्या. शनिवार ठरला.

कृती अशी. पहिली ओळखीची किल्ली घालायची, इंजिन चालू न करता फिरवायची, तीन सेकंदांहून जास्त पण दहांहून कमी वेळ तशीच ठेवायची, बंद करून काढायची. दहा सेकंदांच्या आत दुसरी ओळखीची किल्ली घालून तेच करायचं. ती काढल्यावर वीस सेकंदांच्या आत नवी किल्ली घालायची, फिरवायची आणि निदान सहा सेकंद ठेवायची. बस. नात चालकाच्या जागेवर, मुलगा शेजारी, सूनबाई दाराशी, ही पायरीवर खुर्ची टाकून, आणि मी वेळाधिकारी.

पहिल्या खेपेला फसलं. लाल दिवा पुन्हा डोळे मिचकावू लागला. मुलगा म्हणाला, मी हळू मोजले. मी म्हणालो, घड्याळ खोटं बोलत नाही. तेवढ्यात नातीला पुस्तकातली एक ओळ आठवली. दुसरी चिपवाली किल्ली त्याच कडीत असेल तर गोंधळ होऊ शकतो. पाहतो तर सूनबाईच्या कडीत तिच्या रोजच्या गाडीची किल्ली, शिवाय घराची, ऑफिसच्या ड्रॉवरची, पितळी गणपती, असा चांगला जुडगाच होता. गाडी हाक घालत होती आणि बहुधा भलतीच किल्ली मध्ये बोलत होती. ती किल्ली कडीतून मोकळी केली, वीस सेकंद थांबलो आणि पुन्हा सुरुवात केली.

पहिली मुलाची. त्याने स्वतःच्या हाताने नातीला दिली. मग सूनबाईची. मग नवी. मी सहापर्यंत मोजलं, भीतीने आठपर्यंत नेलं. लाल दिवा लागला, तीन सेकंद स्थिर राहिला आणि विझला. नातीने किल्ली पुढे फिरवली. सतरा वर्षांची गाडी खोकून चालू झाली. समोरच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं होतं देव जाणे.

पहिली फेरी कोणाला? नातीने आजीला बोलावलं. ही पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला आणि दोघी भारतीय किराणा दुकानात कोथिंबीर आणायला गेल्या. मुलगा रस्त्याकडे बघत अंगणात उभा राहिला. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. पंचवीस मिनिटांनी दोघी आल्या. कोथिंबीर विसरल्या होत्या, आइस्क्रीम खाऊन आल्या होत्या.

रात्री मी हिला म्हणालो, "ते आपल्या कपाटाचं... तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ही मच्छरदाणी नसलेल्या पलंगावरही सवयीने चादरीची कडा खोचत होती. म्हणाली, "अहो, तुमच्याकडे तरी कुठे होती किल्ली? तुमचा पगारही आतच होता."

हे मला बेचाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. क्षणभर बरं वाटलं. मग म्हणालो, "पण मी मागू शकत होतो. मी मागितली असती तर आईने दिली असती."

"हो," ती म्हणाली. "ते मात्र खरं." आणि दिवा मालवला.

तिने नाही नाही म्हणून माझं समाधान केलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. आई एकटी पडली होती, तिने एकट्याने किल्ली धरून ठेवली, त्यात तिचं फारसं चुकलं नाही. घरात नव्याने आलेल्या माणसाची ओळख पटवून द्यायला दुसऱ्या कोणीतरी पुढे यावं लागतं. तो दुसरा मी होतो, आणि मी खिशात राहिलो.

असो. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी असेल त्यांना एक सांगणं. माहितीपुस्तक काढून वाचा. तुमच्या गाडीला ही सोय असेल, तर दोन्ही किल्ल्या हाताशी आहेत तोवरच तिसरी करून ठेवा. एक हरवल्यावर मग काही उपयोग नाही.

आज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी चालू झाल्याचा आवाज आला. घरात आम्ही चौघंही जागे होतो. पावणेसहाला मुलाच्या फोनवर निरोप आला, "पोचले." मग सगळे पुन्हा झोपलो.